परतीच्या बोलीवर

ह्वाछॉन, प्रशिक्षण छावणी
५ सप्टेंबर १९६७

ऑकबुन ताईस,

पाकिटात दोन कागद आहेत. पातळ कागद आईला वाचून दाखव. हा जाड कागद फक्त तुझ्यासाठी आहे. आधी तू एकटीने वाच, मगच तिच्याकडे जा.

आईच्या कागदात मी लिहिलं आहे की आमची तुकडी पूर्व किनाऱ्यावर पहाऱ्याला चालली आहे. ते खरं नाही. आम्ही व्हिएतनामला जाणार आहोत. चार आठवडे इथल्या डोंगरात शिकवणार, दोन ऑक्टोबरला चुंचॉन स्टेशनातून गाडी, मग पुसानहून जहाज. मी आपणहून नाव दिलं नव्हतं. आमच्या कंपनीतून नऊ जण निवडले. माझं अक्षर बरं आहे म्हणून यादी मलाच उतरवायला दिली होती. कॅप्टन नावं सांगत गेले, मी लिहीत गेलो, आणि चौथ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. चूक नव्हती.

काल सामान वाटलं. खिडकीतून एकेक वस्तू बाहेर येते, आतला माणूस तिचं नाव मोठ्याने घेतो, आपण ती उचलून दाखवायची आणि वहीत तिच्यापुढे सही करायची. रायफल मिळाली, तिचा नंबर मी पाठ केला आहे. हेल्मेट, घडीचं फावडं, हिरव्या पातळ कपड्यांचे दोन जोड. पाण्याच्या बाटल्या दोन, कारण तिथे तहान जास्त लागते म्हणे. मच्छरदाणी. मलेरियाच्या गोळ्या (हा शब्द डब्यावर पाहून लिहिला आहे). शेवटी बूट. एकूण एकवीस सह्या केल्या. वहीच्या प्रत्येक पानावर वरती छापलेलं आहे, ‘या वस्तू परतीच्या बोलीवर दिल्या आहेत.’ हरवली तर जाब द्यावा लागतो.

बूट अमेरिकन मापाचे आहेत. सगळ्यात लहान जोड मागितला तरी पुढे दोन बोटं जागा उरते. मी खिडकीतल्या माणसाला तसं सांगितलं. तो म्हणाला, “बूट बदलून मिळणार नाहीत. पाय वाढव.” मागून गु चिल-बॉक ओरडला, “अरे घे ना! पुढच्या जागेत दुपारचं जेवण ठेव!” चिल-बॉक माझ्या शेजारच्या खाटेवर असतो. दक्षिणेकडचा कोळी आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण बोलण्यात कुणाला हार जात नाही. सह्यांच्या जागी त्याने अंगठे उमटवले. एकविसावा उमटवल्यावर म्हणाला, “घ्या, आता अंगठाही सरकारजमा झाला.”

आईच्या कागदात सामानाची हकीकत अशीच लिहिली आहे, फक्त ठिकाण बदललं आहे. खोटं जितकं कमी असेल तितकं लक्षात ठेवायला सोपं. वाचताना अडखळू नकोस. तुझा आवाज बदलला की तिला कळतं.

मला भीती वाटते का, असं मात्र विचारू नकोस.

तुझा धाकटा,
इन-सॉक

•

सोलमे
९ सप्टेंबर

इन-सॉक,

विचारू नकोस म्हणालास म्हणून विचारत नाही. तुझ्या अक्षरावरून कळतंय. एरवी सरळ रेषेत मुंग्या चालाव्यात तसं लिहितोस, या पत्रात मुंग्या पळताहेत.

मेल्या, स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंस? शाई सांडायची! पेनाचं निब मोडायचं! शाळेत वहीवर थेंब पडला तर अख्खं पान पुन्हा लिहायचास, शाळा सुटली पण खोड काही सुटली नाही.

आईला वाचून दाखवलं. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी अडखळले नाही. मध्येच तिने विचारलं, “दोन बाटल्या कशाला? किनाऱ्यावर पाणी नाही का?” मी म्हटलं, समुद्राचं पाणी खारट असतं. ती मिरच्या उलटत राहिली.

आता नीट ऐक. काल मी गावप्रमुख योमकाकांकडे गेले होते. त्यांच्या भाच्याचं नाव असंच यादीत आलं होतं आणि तो सुटला, कारण तो एकुलता एक. नियमच आहे म्हणे, घरात मुलगा एकच असेल तर त्याला व्हिएतनामला पाठवत नाहीत. आणि आपल्या घरी? कचेरीच्या नोंदवहीत आपल्या घरी मुलगे दोन. इन-हो दादा तिथे अजून जिवंत आहे. वय वर्षं तेहतीस.

लढाईतल्या त्या दिवसाला सोळा वर्षं झाली रे. तू तेव्हा सहा वर्षांचा, त्याच्या मागे मागे सरपणाला गेला होतास. सैन्याच्या माणसांनी वाटेत धरलं त्याला. म्हणाले, पाठीवर सरपण वाहायची चौकट आहेच, तर टेकडीवर दारूगोळ्याच्या पेट्या पोचव, संध्याकाळी सोडतो. जाताना तो तुला ओरडून म्हणाला, “आईला सांग, माझा भात झाकून ठेव.” तूच धापा टाकत सांगत आलास. तेव्हापासून ती रोज झाकणाची पितळी वाटी भरून चुलीकडच्या उबदार जमिनीवर गोधडीखाली ठेवते. शेजारी चमचा. दुसऱ्या दिवशी तो भात आपण खायचो आणि ती नवीन वाटी भरायची. दादा गेला हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. फक्त कागदाला ठाऊक नाही.

ते कागदाला सांगायचं, एवढंच काम. योमकाका आणि दोन शेजारी लिहून द्यायला तयार आहेत. अर्जावर सहीच्या जागी आईच्या नावाचा शिक्का लागेल. तिला वाचता येत नाही. खताच्या पोत्यांचा अर्ज आहे म्हणून सांगेन. मी सासूला आईची कंबर धरल्याचं सांगून रोज इकडे येते, ते खोटं पचलं तर हेही पचेल.

तू फक्त विचारून घे, कागद कोणत्या तारखेपर्यंत हवा.

ताई

•

ह्वाछॉन
१४ सप्टेंबर

ताईस,

विचारलं. आमचे सार्जंट नाम्गुंग व्हिएतनामला एकदा जाऊन आले आहेत. ते हसत नाहीत. म्हणाले, “अठ्ठावीस तारखेच्या आत नोंदवहीची नक्कल आली तर तुझं नाव काढतो. तुझ्या जागी राखीव यादीतला पहिला जाईल.” मग माझ्या कार्डाकडे बघून म्हणाले, “पण इथे तू एक मोठा भाऊ लिहून दिला आहेस.”

मी म्हटलं, “हो, साहेब.”

“मग तो मेला कधी?”

“बघून सांगतो,” म्हणालो. माणूस हे बघून सांगतो का, ताई?

इथे डोंगरात एक खोटं गाव बांधलं आहे. गवताने शाकारलेली घरं, घरांखाली भुयारं, वाटेवर गुडघ्याइतक्या उंचीवर बारीक तारा. तारेला पाय लागला की डबे खडखडतात आणि सार्जंट म्हणतात, “मेलास. मागे जाऊन पुन्हा ये.” चिल-बॉक पहिल्या दिवशी सात वेळा मेला. मी एकदाही नाही, कारण मी फार हळू चालतो. गवताची काडी न् काडी बघितल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. माझ्यामागे रांग तुंबते. चिल-बॉक म्हणतो, “हा पुढे असला की आपण म्हातारे होऊन पोचू.” सार्जंट म्हणाले, “म्हातारं व्हायचं असेल तर त्याच्याच मागे चाला.” तेव्हापासून मला पुढे ठेवतात. मला हे आवडतं की नाही ते अजून कळलेलं नाही.

दोन्ही टाचा सोलल्या आहेत. बुटात चिंध्या कोंबायच्या कशा, ते चिल-बॉकने शिकवलं.

आता खरं लिहितो. तुझं पत्र वाचलं आणि पहिला विचार आला की कर. लगेच कर. त्या दिवशी मला मुळ्याचं साधं सारसुद्धा गोड लागलं. मग बुटाच्या नाड्या बांधताना दादाचे काळे रबरी जोडे आठवले. डाव्या जोड्याला दोरीचा टाका होता. त्याला कुणी काही दिलं नव्हतं, ताई. हेल्मेट नाही, बूट नाही, नंबर नाही. त्याच्यापुढे कुणी वही धरली नाही की इथे सही कर. माझं फावडं हरवलं तर तीन जण चौकशी करतील. दादा हरवला तर कुणालाच जाब द्यावा लागला नाही, कारण सैन्याच्या कुठल्याच वहीत तो लिहिलेला नव्हता.

काय करायचं ते तू ठरव. तू मोठी आहेस. मी काही म्हणत नाही.

इन-सॉक

•

सोलमे
१९ सप्टेंबर

‘तू ठरव, तू मोठी आहेस.’ वा रे शहाण्या! तारांवर पाय द्यायला घाबरतोस आणि बहिणीच्या डोक्यावर बरोबर पाय देतोस.

काल छुसॉकचा सण झाला. नव्या तांदळाच्या चंद्रकोरी वाफवल्या, बाबांचं पान मांडलं, नमस्कार झाले. दादाचं पान नाही मांडलं. आईचं ठरलेलं आहे, जिवंत माणसाचं पान मांडत नाहीत. सगळं आवरल्यावर मी अर्ज काढला. म्हटलं, सणाने ती जरा मऊ झाली असेल.

“खताचा अर्ज? सणाच्या दिवशी?”

“मुदत संपतेय, आई. इथे शिक्का मार.”

“वाच.”

“त्यात काय वाचायचंय? पोती, खत, गावाचं नाव...”

“वाच म्हणते ना. दहा दिवस तू वाचलंस ते मी ऐकलं. आता जे लिहिलंय तेच वाच.”

ती म्हणाली, “सप्टेंबर अर्धा संपला. आता पूर्व किनाऱ्यावर कसले डास गं? मच्छरदाणी कशाला दिली माझ्या पोराला?”

तुझी यादी! सगळं खरं लिहायची तुझी हौस! एक मच्छरदाणी गाळली असतीस तर काय हात झडले असते? तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला किनारा दाखवत होते आणि ती मला दाखवू देत होती.

मग वाचला मी अर्ज. दादाचं नाव आलं. पुढचं वाक्यही वाचलं. ती ऐकत होती, चेहरा असा की जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं चाललंय. शेवटी म्हणाली, “योमने पाहिला का त्याला मेलेला?”

“नाही.”

“त्या दोघा शेजाऱ्यांनी?”

“नाही, आई.”

“मग त्यांनी लिहून द्यावं की आम्ही पाहिला नाही. त्यावर मारते शिक्का.” आणि शिक्का कमरेच्या बटव्यात टाकून दोरी आवळली. मी रडले, ओरडले, म्हटलं, अगं तो धाकटा मरेल तिकडे! तर म्हणते, “एक कापून दुसरा वाचवायला मी काय खाटीक आहे? मला दोघे पाहिजेत.” संध्याकाळी पाहिलं तर गोधडीखाली दोन वाट्या.

पण मीही तिचीच मुलगी. आज बाजारात जाऊन शिक्के कोरणाऱ्याकडून आईच्या नावाचा नवा शिक्का करून आणला. अर्धा तास लागला. लाकडाचा आहे, कचेरीतल्या कारकुनाला फरक कळणार नाही. अर्ज तयार आहे, शिक्का तयार आहे, शाईचा डबा समोर उघडा आहे. आणि माझा हात होत नाही. शिक्का दोनदा शाईत बुडवला, दोनदा पुसला.

हे एकटीच्या माथ्यावर मी घेणार नाही. मला तुझं ‘हो’ पाहिजे. सव्वीस तारखेला सकाळी मी कचेरीच्या दारात असेन. त्याआधी तार कर, एक शब्दाची. आणि ‘तू ठरव’ असं पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन सार्जंटसमोर थोबाडीत मारीन.

ताई

•

ह्वाछॉन
२३ सप्टेंबर

ताईस,

तार तुला या पत्राच्या आधी मिळेल. ‘नको.’ पोस्टातला माणूस म्हणाला, एवढ्याच पैशात दहा शब्द पाठवता येतात, वाया का घालवतोस. मी म्हटलं, एकच आहे. कारण मात्र एका शब्दात मावत नाही, म्हणून हे पत्र.

तुझं पत्र परवा सकाळी आलं. त्याच दुपारी आम्हाला मैदानात बसवलं आणि प्रत्येकाला एक पाकीट, एक कात्री आणि नखं कापायचं यंत्र देत गेले. दहाही बोटांची नखं कापायची, चिमूटभर केस कापायचे, पाकिटात घालायचं, वर घरच्या माणसाचं नाव आणि पत्ता लिहायचा. पाकिटं छावणीतल्या पेटीत राहतात. माणूस परत आला तर जाळून टाकतात. आला नाही, आणि पाठवण्यासारखं काही सापडलं नाही, तर पाकीट घरी जातं. केस इतके बारीक कापलेले की चिमटीत येत नव्हते. चिल-बॉक म्हणाला, “माझी नखं मासळीच्या वासाची आहेत. आईला वाटेल सुकट आली.” कुणी हसलं नाही.

मी इतक्या वस्तूंवर सह्या केल्या, पण ही पहिलीच गोष्ट होती जी ते माझ्याकडून घेत होते. आणि हिच्यापुढे ‘परतीच्या बोलीवर’ कुठे छापलेलं नव्हतं. मी पाकीट उलटसुलट करून नीट पाहिलं. कुठेच नव्हतं.

मी ते रिकामंच जमा केलं.

सार्जंट नाम्गुंग यांनी हलवून पाहिलं. “नखं कुठे आहेत?”

“बोटांवर आहेत, साहेब.”

मी हे उद्धटपणे म्हटलं नाही, ताई. विचारलं म्हणून सांगितलं. पण अख्खी रांग फिसकन हसली, आणि मग अख्ख्या रांगेलाच शिक्षा झाली. डोकं जमिनीला टेकवून, हात पाठीमागे बांधून, डोकं आणि पायांवर शरीराची कमान करून राहायचं. बारा जण. माझ्यासाठी. चिल-बॉक उलटा असतानाच म्हणाला, “अरे बाबा, दे ना दहा नखं! माझी पायाची पण दे!” ते मला सहन झालं नाही. मी उठलो आणि नखं कापली. दहाही. मोजून पाकिटात टाकली. केस सार्जंटनी स्वतः कापले.

मग पत्ता लिहायला बसलो. आईचं नाव लिहायचं होतं. मला आई दिसली, अंगणात, हातात पाकीट, आणि तिला वाचता येत नाही म्हणून ती तुझी वाट बघते आहे. मी गावाचं नाव लिहिलं, घराचा क्रमांक लिहिला, आणि घेणाऱ्याच्या जागी लिहिलं ‘प्यो इन-सॉक’.

सार्जंट म्हणाले, “चुकलास. हे तुझंच नाव आहे.”

“पत्ते लिहिताना मी चुकत नाही, साहेब. ही वस्तू माझी आहे. मीच येऊन घेईन.”

मला वाटलं, आता पुन्हा कमान. त्यांनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. मग पेटीत टाकलं आणि म्हणाले, “पुढचा.” पुढचा चिल-बॉक होता. त्याचा पत्ता मीच लिहायचा होता. मी विचारलं, घेणारा कोण? त्याने छाती ठोकली. “कोण म्हणजे? गु चिल-बॉक! माझी सुकट मीच खाणार.” त्याच्यानंतर आणखी दोघांनी तसंच केलं. एकाने आधी स्वतःचं लिहिलं, मग खोडून बायकोचं लिहिलं. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

आता तुझ्या शिक्क्याचं. दादाचं नाव जगात एकाच कागदावर आहे, त्या कचेरीच्या नोंदवहीत. त्यावर फुली पडली की ज्यांनी त्याला संध्याकाळी सोडतो म्हणून नेलं, त्यांचा हिशेब मिटला. त्यांना तेच हवं आहे. ती फुली माझ्या हाताने पडणार नाही, तुझ्याही नाही. शिवाय राखीव यादीतला पहिला माणूस स्वयंपाकघरात मुळे सोलतो आणि शीळ घालतो. त्याचं नावही मीच उतरवलं आहे. एक कापून दुसरा वाचवायचा, ते आईला नको आहे. मलाही नको आहे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. भीती वाटते. रोज वाटते. माझं तिथल्या लोकांशी काही भांडण नाही आणि मला शूर व्हायची हौस नाही. मी हळूहळू, तारा बघत चालणार आहे, आणि एकवीसच्या एकवीस वस्तू त्या खिडकीत परत ठेवणार आहे. बूटसुद्धा. आणि माझं पाकीट मागून घेणार आहे.

रागावू नकोस असं लिहीत नाही. रागाव.

इन-सॉक

•

सोलमे
२७ सप्टेंबर

इन-सॉक,

रागावले. दोन दिवस रागावले. तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, आज सरळ केला.

शिक्का चुलीत घातला. लाकूड बरं होतं, भाताला छान जाळ लागला. योमकाका म्हणाले, “पोरी, अशी संधी पुन्हा येत नाही.” मी म्हटलं, काका, तुम्ही दादाला पाहिलंत का मेलेला? ते टोपी घालून निघून गेले. ऐकलंस ना, मी आईसारखी बोलायला लागले आहे. नवरा म्हणतो, देवा वाचव.

आईने मला बसवलं आणि तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचायला लावली. खरी पत्रं, जाड कागदाची. मी एक शब्द गाळला नाही. भुयारं वाचली, टाचा वाचल्या, दादाचा टाका घातलेला जोडा वाचला. तिथे ती एकदा उठून बाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, “पुढे.” नखांपाशी आल्यावर मला वाटलं, आता कोसळेल. तर ताठ बसली. “नखं? मी त्याला नखांसकट जन्माला घातला. परत येईल तेव्हा मोजून घेईन.” मग विचारलं, “सह्या किती म्हणाला?”

“एकवीस.”

“आणि सगळं परत द्यायचं?”

“हो. छापलेलंच आहे तसं.”

“बरं,” म्हणाली, आणि पेंढ्याची मूठ आणि राख घेऊन भांडी घासायला बसली. सण तर झाला, आता कशासाठी घासते कोण जाणे.

आम्ही दोन तारखेला चुंचॉनला येतोय. पहाटेच्या बसने. मी तिला म्हटलं, हजारो माणसं असतील, सगळी हिरव्या कपड्यांत, सगळी बोडकी, कसा ओळखशील? म्हणाली, “ज्याचे बूट मोठे तो माझा.”

ताई

•

पुसान, जहाजावरून
४ ऑक्टोबर

ताईस,

जहाज थोड्या वेळाने सुटेल. टपालाची पिशवी अजून उघडी आहे, म्हणून घाईने लिहितो. अक्षर वाईट आलं तर माफ कर, टेबल हलतं आहे.

चुंचॉनला तुला पोलिसाने दोरीपाशी धरून ठेवलं ते मी पाहिलं. त्याला तू काय काय म्हणालीस तेही ऐकू आलं. बँड वाजत असतानाही आलं. पण आई माझ्याशी काय बोलली ते तुला कळलं नसणार, आणि विचारलंस तरी ती सांगणार नाही. म्हणून सांगतो.

ती दोरीखालून आली. वाकून, कुंपणाखालून कोंबडी येते तशी. झेंडे हलवणाऱ्या शाळकरी मुलींच्या रांगेतून सरळ आमच्या रांगेत. वर कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, खाली बूट बघत येत होती. माझ्यापाशी थांबली. तेवढ्यात सार्जंट नाम्गुंग आले. “आजी, मागे व्हा. गाडी सुटतेय.”

“मागे काय व्हा? सामान द्यायचंय.”

“त्याला सगळं सामान दिलेलं आहे.”

“एक राहिलंय.”

तिने कमरेतून एक फडकं काढलं, सोडलं. आत पितळी चमचा होता. इतका घासलेला की डोळ्यांवर ऊन आलं. मग कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं, पाठकोरं, आणि पेन्सिल. “लिही,” म्हणाली.

“आई, वेळ नाही.”

“लिही. अक्षर चांगलं आहे म्हणूनच पकडलं ना तुला? मग मलाही दोन ओळी लिहून दे.”

चिल-बॉकने पाठ पुढे केली. तिच्यावर कागद ठेवून मी लिहायला लागलो. ती सांगत गेली. “पितळी चमचा, एक. मालक प्यो इन-हो.”

माझा हात थांबला. “दादाचा? हा दादाचा चमचा आहे?”

“मग? तुझा घरी आहे. तुझा तुला कशाला देऊ? तुझा दिला असता तर हरवून मोकळा झाला असतास. हा दुसऱ्याचा आहे. तो येईल तेव्हा त्याला लागेल. त्याला काय वाटीत तोंड घालून जेव म्हणून सांगू? पुढे लिही. परतीच्या बोलीवर.”

लिहिलं. आणि सवयीने विचारलं, “मुदत काय घालू?”

ती क्षणभर थांबली. तेवढीच थांबली.

“भात निवायच्या आत.”

मी तसंच लिहिलं. खाली सही केली, तारखेसकट. तिने बटवा उघडून शिक्का काढला, तोच, जो तुला दिला नव्हता. जिभेने ओला केला आणि माझ्या सहीशेजारी दाबला. मग कागद सार्जंटपुढे धरला. “साक्षीदार लागतो ना? तुम्ही नेताय, तुम्हीच सही करा.”

ताई, मला वाटलं ते आता तिला उचलून बाहेर ठेवतील. त्यांनी कागद वाचला, पहिल्या ओळीपासून. चिल-बॉकच्या पाठीवर ठेवून सही केली. पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. चिल-बॉक म्हणाला, “आजी, माझ्या पाठीचं भाडं?” तिने त्याच्या हातात एक उकडलेलं अंडं ठेवलं आणि म्हणाली, “याच्या मागे मागे चाल.” मला अंडं दिलं नाही. माझ्याकडे एकदा वर पाहिलं, बूट पाहिले, आणि आली तशी दोरीखालून गेली. रडली नाही. गाडी सुटताना सगळ्या आया हात हलवत होत्या, ती कागदाची घडी घालत होती.

जहाजावर खाचांच्या पत्र्याच्या ताटात जेवण देतात आणि सोबत काटा. काल वाढपी माझ्या हातातला चमचा बघून म्हणाला, “हे काय, आजोबांचं सामान आणलंस?” मी म्हटलं, भावाचं आहे. “तो देतो का वापरायला?” मी म्हटलं, परत द्यायचं कबूल केलं आहे.

सामानाच्या पिशवीत आता बावीस वस्तू आहेत.

पावती आईपाशी आहे. तिला ती सगळी पाठ असेल, तरी एकदा तिच्यासमोर बसून वाच, संध्याकाळी, ती गोधडीखाली वाट्या ठेवत असताना. काही गाळू नकोस, काही घालू नकोस. शेवटच्या ओळीला आवाज बारीक करू नकोस. जे लिहिलंय तेच वाच. भात निवायच्या आत.

तुझा धाकटा,
इन-सॉक